थंडीला टिकणारे फिरते खुराडे : ऊबही राहील, हवाही खेळेल

दिवाळी सरली, की उत्तर महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भात रात्रीचा पारा झपाट्याने उतरू लागतो. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात तर काही हिवाळ्यांत किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्याही खाली गेले आहे. द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, त्याच वेळी परसातील कोंबड्यांच्या खुराड्याला चहूबाजूंनी प्लॅस्टिक किंवा ताडपत्री गुंडाळली जाते. हेतू चांगला असतो. पण आठवडाभरात कोंबड्या शिंकू लागतात, रात्री घरघर ऐकू येते आणि अंडी कमी होतात. दोष थंडीला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पक्षी आजारी पडतात ते बंद खुराड्यातील ओल आणि विष्ठेच्या वायूमुळे.

परसबागेतील कुक्कुटपालनासाठी गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, कडकनाथ किंवा गावठी कोंबड्या पाळणाऱ्यांना स्वतः किंवा गावातील फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येईल अशा फिरत्या खुराड्याची रचना येथे दिली आहे. हे खुराडे १५ मोठ्या पक्ष्यांच्या रात्रीच्या मुक्कामासाठी आहे. दिवसा पक्षी बाहेर मोकळे असतील, हे त्यात गृहीत धरले आहे.

थंडीपेक्षा ओल आणि झोत घातक

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. थंडी वाजली की ती पिसे फुलवते. पिसांत अडकलेली हवा गोधडीसारखे काम करते. पूर्ण पिसे आलेली, पोटभर खाल्लेली कोंबडी आपल्याकडची थंडी सहज सोसते. मात्र दोन गोष्टी ही गोधडी निकामी करतात.

• वाऱ्याचा झोत : बसलेल्या पक्ष्याच्या अंगावरून थेट वारा गेला, की पिसांतील गरम हवा निघून जाते. मग शरीर उबदार ठेवण्यासाठी जास्त खाद्य खर्ची पडते आणि अंड्यांवर परिणाम होतो.

• ओल : ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. १५ पक्ष्यांची रात्रभरातील विष्ठा पाऊण ते एक किलोच्या घरात जाते. श्वासातून बाहेर पडणारी वाफ वेगळीच. ही ओल बाहेर गेली नाही, तर पिसे दमट होतात, गादी ओली होते आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. अमोनियामुळे डोळे व श्वासनलिकेचा दाह होतो आणि सीआरडीसारख्या श्वसनाच्या आजारांना वाट मिळते.

म्हणून खुराड्याचा नियम एकच : पक्षी बसतो त्या उंचीपर्यंत वारा बंद, त्याच्या डोक्यावर मात्र झरोका कायम उघडा. गरम दमट हवा वर चढते आणि वरूनच निघून जाते. पुढील सर्व मापे याच नियमावर ठरवली आहेत.

फिरते खुराडे का?

एकाच जागी असलेल्या खुराड्याभोवतीची जमीन काही आठवड्यांत उघडी पडते. तेथे विष्ठा साचते, जंत व रोगजंतू वाढतात. फिरते खुराडे दर दोन-तीन दिवसांनी पुढे सरकवले, की पक्ष्यांना ताजी जागा मिळते. ते किडे, तणाचे बी, सांडलेले धान्य वेचतात आणि खत शेतातच पडते. हिवाळ्यात आणखी एक फायदा होतो. सकाळचे ऊन आणि वाऱ्याचा आडोसा जिथे असेल, तिथे खुराडे नेता येते.

अडचण वजनाची असते. उबेसाठी जाड भिंती केल्या तर खुराडे हलत नाही, हलके केले तर गारठा आत येतो. ते वाऱ्यात उलटण्याचीही भीती असते. त्यामुळे वजन कुठे द्यायचे आणि कुठे वाचवायचे, हे आधी ठरवावे.

आकारमान

• लांबी ६ फूट, रुंदी ४ फूट. म्हणजे २४ चौरस फूट जागा.
• पुढील बाजूची उंची ४ फूट, मागील बाजूची साडेतीन फूट. छताला मागे उतार मिळतो, अवकाळी पाऊस आला तरी पाणी दारात पडत नाही.
• तळ जमिनीपासून १ फूट उंच. जमिनीची ओल आणि दव आत येत नाही, उंदीर-घुशींना खाली लपायला जागा राहत नाही.

पक्षी दिवसभर आत कोंडून ठेवायचे असतील, तर ही जागा १५ पक्ष्यांना अपुरी पडेल. तसे करायचे झाल्यास पक्ष्यांची संख्या निम्म्यावर आणावी.

सांगाडा आणि चाके

सांगाड्यासाठी १ इंची चौकोनी लोखंडी पाइप, १८ गेज जाडीचा वापरावा. २० फुटी पाच पाइप पुरतात; त्यांचे वजन सुमारे २५ किलो भरते. सांधे वेल्डिंगने पक्के करून गंजरोधक रंग द्यावा. लाकडी सांगाडाही चालतो, पण रोजच्या ओढाताणीत त्याचे सांधे लवकर ढिले होतात.

पाइप, प्लायवूड, पत्रा, चाके, अंड्यांची खोकी आणि गादी धरून खुराड्याचे एकूण वजन १०० किलोच्या आसपास जाते. ते दोन माणसांना सहज हलवता येईल की नाही, हे चाकांच्या जागेवर ठरते.

चाके एका टोकाला, अगदी कडेला बसवली आणि दुसऱ्या टोकाला अडीच फूट लांब दांडे दिले, तर उचलताना हातावर सुमारे ३५ किलो भार येतो. तीच चाके टोकापासून दीड फूट आत घेतली, तर भार सुमारे २० किलोवर येतो. हातगाडी ज्या तत्त्वावर चालते तेच हे तत्त्व. अंडी घालण्याची खोकी चाकांच्या टोकाला लावली, तर दांड्यावरचा भार आणखी हलका होतो.

काळ्या जमिनीत लहान चाके रुततात. त्यामुळे जुन्या स्कूटरची टायरसह चाके किंवा तेवढ्या व्यासाची रुंद चाके घ्यावीत. दांड्याच्या टोकाला दोन पक्के पाय द्यावेत. खुराडे जागेवर ठेवल्यावर चारही कोपऱ्यांखाली विटा लावाव्यात, म्हणजे भार चाकांवर राहत नाही आणि तळ समपातळीत राहतो. दोन कोपऱ्यांना दोरी बांधून जमिनीत खुंटी ठोकावी. हलके खुराडे जोराच्या वाऱ्यात उलटू शकते, म्हणून हे काम टाळू नये.

भिंती, पडदा आणि झरोके

भिंतींसाठी पाण्याला टिकणारे ८ मिमी प्लायवूड पुरते. ८ बाय ४ फुटांच्या दोन शीटमध्ये सर्व भिंती निघतात.

• पहिल्या शीटमधून मागील भिंत ६ बाय ३ फुटांची कापावी. उरलेली ६ बाय १ फुटाची पट्टी पुढील बाजूस खाली लावावी. राहिलेला २ बाय ४ फुटांचा तुकडा अंड्यांच्या खोक्यांना वापरावा.
• दुसऱ्या शीटचे ४ बाय ४ फुटांचे दोन समान भाग करावेत. त्या दोन आडव्या भिंती होतात. छताच्या उतारानुसार त्यांचा वरचा कोपरा तिरपा कापून घ्यावा. एका आडव्या भिंतीत साफसफाईसाठी मोठे दार ठेवावे.

मागील भिंतीच्या वर ६ इंचांची मोकळी पट्टी राहते, ती म्हणजे मागचा झरोका. पुढील बाजूस १ फूट प्लायवूडच्या वर छतापर्यंत जाळी लावावी. जाळी षटकोनी कोंबडी जाळीऐवजी अर्धा इंची वेल्डमेश घ्यावी. षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रे ती फाडते आणि मुंगूस तिच्यातून वाट काढते. मागच्या झरोक्यालाही हीच जाळी असावी.

पुढील जाळीला रात्री पडदा लागतो. पडदा दुहेरी गोणपाटाचा किंवा ताडपत्रीचा असावा. तो वर बांधून खाली सोडण्याऐवजी खालच्या कडेला पक्का करून वर ओढावा, जसे ब्रॉयलर शेडमध्ये करतात. वर ओढला, तरी छताखाली ६ इंच जागा उघडी राहिली पाहिजे. वरून खाली सोडलेल्या पडद्यात नेमके उलटे होते. ओलसर हवा निघण्याची वरची वाट बंद होते आणि खालून फटीतून गार वारा थेट पक्ष्यांच्या पोटाखाली शिरतो.

मागील झरोक्याला बिजागरीची झडप द्यावी. वाऱ्याचा जोर असेल त्या रात्री ती अर्धी लावावी. पुढील झरोका मात्र कितीही थंडी असली तरी पूर्ण बंद करू नये.

छत

पत्रा हलका व टिकाऊ असतो, पण थंडीत पहाटे त्याला आतून घाम सुटतो. पक्ष्यांच्या श्वासातील वाफ गार पत्र्याला लागून पाणी होते आणि थेंब थेंब पक्ष्यांच्या पाठीवर व गादीवर पडते. यासाठी पत्र्याखाली साधारण १ इंच अंतर ठेवून बांबूची तट्टी बसवावी. तट्टीवर जुने गोणपाट पसरल्यास ऊबही टिकते आणि थेंबही शोषले जातात. आठवड्यातून एकदा गोणपाट काढून उन्हात वाळवावे.

काही जण पत्र्याखाली थर्माकोल लावतात. उघडे थर्माकोल कोंबड्या टोचून खातात, त्यामुळे ते वापरायचेच असेल तर दोन्ही बाजूंनी प्लायवूड किंवा पत्र्याने पूर्ण झाकावे. छत चारही बाजूंनी ९ इंच बाहेर काढावे, म्हणजे झरोक्यातून पाऊस आत येत नाही. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दुपारीही तो नाशिकच्या परिसरात क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असल्यास एवढ्या वळचणीखालूनही ऊन आतपर्यंत पोहोचते.

तळ, गादी आणि बसण्याचे दांडे

तळाला १२ मिमी प्लायवूड वापरावे. जाळीचा तळ उन्हाळ्यात चांगला, पण हिवाळ्यात खालून गार वारा येतो. तळावर भाताचे तूस, भुईमुगाची टरफले किंवा लाकडाचा भुसा यांची ३ इंचांची गादी करावी. बुरशी आलेले तूस किंवा टरफले अजिबात वापरू नयेत, त्यातून पक्ष्यांच्या फुप्फुसांना बुरशीजन्य आजार होतो. गादी मुठीत दाबून पाहावी. मूठ उघडल्यावर ती भुरभुरत सुटली तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे, बदलावी.

रात्री पक्षी गादीवर बसण्यापेक्षा दांड्यावर बसलेले चांगले. ६ फूट लांबीचे दोन दांडे, तळापासून सव्वा फूट उंचीवर, दोन्ही एकाच पातळीत लावावेत. एक वर आणि एक खाली असेल, तर वरच्या जागेसाठी भांडणे होतात. पहिला दांडा मागील भिंतीपासून १ फुटावर आणि दुसरा त्यापुढे सव्वा फुटावर असावा. एका पक्ष्याला साधारण ८ ते ९ इंच जागा लागते. थंडीत पक्षी एकमेकांना चिकटून बसतात, त्यामुळे दोन दांड्यांवर १५ पक्षी बसतात.

दांडा लाकडाचा, २ इंच रुंद, वरून सपाट आणि कडा घासलेला असावा. अशा दांड्यावर कोंबडी बसली, की तिची बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. लोखंडी पाइपचा दांडा पायातील ऊब ओढून घेतो, तो टाळावा. चिरलेल्या बांबूच्या भेगांत गोचीड लपतात.

दांड्यांखाली गादीवर खाद्याची रिकामी पोती अंथरून त्यावर थोडी राख टाकावी. रात्रीची विष्ठा त्यावर पडते. सकाळी पोते बाहेर ओढून झटकले, की सर्वाधिक ओल खुराड्याबाहेर जाते. गादी जास्त दिवस टिकण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

जागा आणि दिशा

हिवाळ्यात गार वारे प्रामुख्याने उत्तर व ईशान्येकडून येतात. म्हणून बंद मागील भिंत उत्तरेला आणि जाळीची बाजू दक्षिण किंवा आग्नेयेला ठेवावी. जागा निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

• गार हवा जड असते, ती रात्री उतारावरून वाहत सखल भागात साचते. नाल्याकाठी, बांधाच्या खालच्या अंगाला किंवा नुकत्याच पाणी दिलेल्या वावरात खुराडे ठेवू नये. थोड्या उंच, कोरड्या जागेवर ठेवावे.
• शेवग्याची ओळ, कुडाचे कुंपण, गोठ्याची भिंत यांचा उत्तरेकडून आडोसा मिळाला तर उत्तम.
• हिवाळ्यात द्राक्षबागेत फवारण्या सुरू असतात. फवारलेल्या बागेत पक्षी सोडू नयेत. सोयाबीन किंवा भात काढलेले रिकामे शेत, आंबा-चिकूची न फवारलेली बाग अशी जागा निवडावी.
• उसाच्या कडेला रात्री खुराडे ठेवू नये. नाशिक, जुन्नर भागात उसात बिबट्याचा वावर असतो. रात्रीचा मुक्काम घराच्या जवळ, उजेडात असावा.
• नांदूरमध्यमेश्वरसारख्या पाणथळ जागी हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने येतात. त्यांच्यामार्फत बर्ड फ्लूसारखे आजार येण्याचा धोका असतो. पाणवठ्याच्या काठी खुराडे नेऊ नये आणि तेथील पाणीही पाजू नये.

खुराडे हलवताना

सकाळी पक्षी बाहेर पडल्यावर खुराडे हलवावे. एका वेळी १० ते १५ फुटांपेक्षा जास्त पुढे नेऊ नये. कोंबडीला खुराड्यापेक्षा जागेची ओळख पक्की असते. खुराडे लांब नेले, तर संध्याकाळी पक्षी जुन्या जागीच गोळा होतात आणि अंधारात बाहेर राहतात. लांब न्यायचेच असेल, तर पक्षी रात्री आत बसल्यावर, दार लावून हलवावे. दुसऱ्या दिवशी उशिरा सोडावेत आणि खाद्य नव्या जागेजवळच टाकावे.

उदबत्तीची चाचणी

खुराडे तयार झाल्यावर आणि प्रत्येक नव्या जागी ठेवल्यावर एक सोपी चाचणी करावी. पक्षी बाहेर असताना पडदा व दारे रात्रीसारखी लावावीत. पेटवलेली उदबत्ती दांड्याच्या उंचीवर धरावी.

• धूर संथपणे वर जाऊन झरोक्यातून बाहेर पडत असेल, तर रचना योग्य आहे.
• धूर आडवा पळत असेल, तर झोत आहे. फट शोधून बंद करावी किंवा खुराड्याची दिशा बदलावी.
• धूर आतच घुटमळत असेल, तर हवा खेळत नाही. झरोका अडला आहे का, पाहावे.

चाचणी झाल्यावर उदबत्ती लगेच बाहेर काढावी. तूस व गोणपाट पटकन पेट घेतात. पुढचा पुरावा पहाटे मिळतो. दार उघडून डोके आत घालावे. डोळे चुरचुरले किंवा पत्र्याखालची तट्टी ओली लागली, तर हवा कमी पडते आहे. बाहेर कितीही गारठा असला, तरी उपाय झरोका वाढवण्याचाच आहे.

शेगडी नको, पिल्लेही नकोत

बंद खुराड्यात कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली ठेवणे जीवघेणे ठरते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एका रात्रीत सगळे पक्षी दगावू शकतात. आगीचा धोकाही असतो. मोठ्या पक्ष्यांना वेगळ्या उष्णतेची गरजच नसते.

पिल्लांची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते, नंतर दर आठवड्याला ते साधारण ३ अंशांनी कमी करत आणावे लागते. त्यामुळे पिल्ले फिरत्या खुराड्यात ठेवू नयेत. पूर्ण पिसे येईपर्यंत, म्हणजे हिवाळ्यात किमान पाच ते सहा आठवडे, घरातील ब्रूडरमध्ये ठेवावीत. ब्रूडरसाठी प्रति पिल्लू साधारण २ वॅट या हिशेबाने जुन्या पद्धतीचे तारेचे बल्ब वापरावेत. एलईडी बल्बने उजेड पडतो, पण पुरेशी ऊब मिळत नाही. पिल्ले बल्बखाली एकावर एक चढत असतील, तर उष्णता कमी आहे. दूर जाऊन चोच उघडी टाकत असतील, तर जास्त आहे.

खाद्य, पाणी आणि उजेड

थंडीत पक्षी जास्त खातात. संध्याकाळी आत जाण्यापूर्वी मूठभर मका किंवा बाजरी टाकावी. भरल्या पोटाने कोंबडी रात्र चांगली काढते. पाण्याचे भांडे रात्री खुराड्यात ठेवू नये, सांडून गादी ओली होते. सकाळी कोमट पाणी द्यावे.

अंडी कमी होण्याचे सगळे खापर थंडीवर फोडू नये. अंड्यावरील कोंबडीला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. डिसेंबरमध्ये आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांचा असतो. पहाटे तीन-चार तास छोटा सौर दिवा लावल्यास फरक भरून निघतो. दिवा रोज ठरलेल्या वेळीच लावावा.

रोजचा क्रम

• सूर्यास्तापूर्वी : धान्य टाकावे. पक्षी मोजून आत घ्यावेत, दार लावावे, पडदा वर ओढावा. वरचा झरोका उघडा असल्याची खात्री करावी.
• सकाळी ८ च्या सुमारास, दव उतरल्यावर : पक्षी सोडावेत, पडदा पूर्ण खाली करावा, विष्ठेचे पोते झटकावे, ऊन आत येऊ द्यावे.
• दर दोन-तीन दिवसांनी : खुराडे पुढे सरकवावे, विटा व खुंट्या पुन्हा लावाव्यात.
• आठवड्याला : गादी मुठीत दाबून पाहावी, गोणपाट वाळवावे, जाळी व दाराच्या कड्या तपासाव्यात.

घरघर, डोळ्यांतून पाणी, सुजलेला चेहरा किंवा हिरवट पातळ विष्ठा दिसल्यास तो पक्षी लगेच वेगळा करून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सल्ला घ्यावा. एकाच वेळी अनेक पक्षी दगावल्यास मेलेले पक्षी उघड्यावर टाकू नयेत व हाताळू नयेत. पशुसंवर्धन विभागाला तातडीने कळवावे. मानमोडी आणि देवीच्या लसी कडाक्याची थंडी सुरू होण्यापूर्वीच पूर्ण करून घ्याव्यात.